मौलाना आणि नगरच्या चिमण्या

मोठ्या माणसांची पत्रे वाचायची म्हटली, की आपण आधी सावरून बसतो. आता काहीतरी उपदेश येणार, देशाचे भवितव्य येणार, निदान प्रकृतीला जपण्याचे चार नियम तरी येणारच, अशी मनाची तयारी झालेली असते. अशा तयारीने बसलेल्या वाचकाला एखाद्या थोर पुरुषाच्या पत्रात छत्री उगारून चिमण्यांच्या मागे धावणारा गृहस्थ भेटला, तर त्याची काय अवस्था होईल? माझी झाली ती तशीच. पुस्तक हातातून गळून पडायचे तेवढे बाकी राहिले.

हे छत्रीधारी गृहस्थ म्हणजे मौलाना अबुल कलाम आझाद. वय चोपन्न. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष. अरबी-फारसीचे गाढे पंडित, कुराणाचे भाष्यकार, आणि बोलायला उभे राहिले की हजारोंची सभा चिडीचूप करणारे वक्ते. स्थळ अहमदनगरचा किल्ला. (सरकारी कागदांत २०२४ पासून या शहराचे नाव अहिल्यानगर झाले आहे. पण पत्राच्या माथ्यावर मौलानांनी ‘किल्ला अहमदनगर’ असे लिहिले आहे, तेव्हा आपणही तेच म्हणू.) आणि तारीख १७ मार्च १९४३.

तारीख लक्षात ठेवावी. तिचे काम पुढे पडणार आहे.

ही मंडळी नगरच्या किल्ल्यात कशी पोहोचली, ते बहुतेकांना ठाऊक आहे. ८ ऑगस्ट १९४२ च्या रात्री मुंबईला गवालिया टँकवर ‘छोडो भारत’चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत धरपकड सुरू झाली. मौलाना भुलाभाई देसाईंच्या घरी उतरले होते, तेथूनच त्यांना नेले. बोरीबंदरहून खास गाडी निघाली. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेण्यात आले आणि कार्यकारिणीचे सभासद तसेच पुढे नगरला गेले. नेहरू, वल्लभभाई, पंत, कृपलानी, आचार्य नरेंद्र देव, असफ अली, पट्टाभि सीतारामय्या, डॉ. सय्यद महमूद, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब, आपले शंकरराव देव आणि मौलाना, असे बारा जण. त्यांना कोठे ठेवले आहे हे सरकारने गुप्त ठेवले होते. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्र नाही, पत्र नाही, भेट नाही. ज्या किल्ल्याच्या तटावरून चांदबीबीने मोगलांना तोंड दिले, त्याच किल्ल्यात हे बारा पंडित जवळजवळ पावणेतीन वर्षे कोंडले गेले.

आता बारा शहाणी माणसे एका अंगणात कोंडली म्हणजे दुसरे काय होणार? सगळे लिहायला बसले. नेहरूंनी १९४४ साली पाच महिन्यांत ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहून काढले. पट्टाभींनी ‘फेदर्स अँड स्टोन्स’ लिहिले. नरेंद्र देव ‘अभिधर्मकोशा’च्या भाषांतरात बुडून गेले. त्या काळात नगरच्या किल्ल्यात जेवढी शाई खपली, तेवढी एखाद्या विद्यापीठात तरी खपली असेल का, कोण जाणे!

मौलानांची तऱ्हा मात्र वेगळी. ते मित्राला पत्रे लिहीत. पहाटे तीन-चारला उठावे, स्वतःचा चहा स्वतः करावा आणि सारा किल्ला झोपेत असताना लेखणी उचलावी, हा त्यांचा शिरस्ता. त्या चहाचेही एक प्रकरण आहे. चिनी चहा, त्याला मोगरीचा वास, आणि दुधाचा थेंबसुद्धा नाही. चहात दूध घालणाऱ्या साऱ्या जगाची त्यांनी अशी यथेच्छ टिंगल केली आहे, की त्यांच्या मते आपण पितो तो चहा नव्हेच, तो पातळ शिऱ्याचा एक प्रकार! आले, गवती चहा आणि म्हशीचे दूध घालून उकळलेल्या आमच्या घरच्या चहाला त्यांनी काय नाव दिले असते, याची कल्पना न केलेली बरी.

पत्रे ज्यांना लिहिली ते मित्र म्हणजे नवाब सद्र यार जंग, मौलाना हबीबुर्रहमान खान शेरवानी. अलीगढकडचे मोठे जमीनदार, जुन्या हस्तलिखितांचे विलक्षण शौकीन. त्यांचा हबीबगंजचा ग्रंथसंग्रह आज अलीगढ विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. शेरवानी काही काँग्रेसवाले नव्हते. निजामाच्या राज्यात त्यांनी मोठ्या धर्माधिकाऱ्याचे पद भूषविले होते. मौलानांचे राजकारण एका टोकाला, यांचा मार्ग भलत्याच बाजूला. पण दोघांमध्ये राजकारणाचा शब्द नाही. शेर, ग्रंथ, चहा, फुले, जुन्या आठवणी, याच चलनावर त्यांचा व्यवहार चाले. पत्राचा मायनाही ठरलेला, ‘सदीक-ए-मुकर्रम’, म्हणजे आदरणीय मित्रा.

गंमत अशी, की ही पत्रे टपालात पडायचीच नव्हती. बंदिवानांना पुढे पत्रव्यवहाराची परवानगी मिळाली ती घरच्या माणसांपुरती आणि तीही अधिकाऱ्यांच्या नजरेखालून. मौलाना हे जाणून होते. पत्र लिहावे, घडी घालावी आणि ठेवून द्यावे. मित्राला अलीगढकडे पत्ताही नाही, की आपल्या नावाने नगरला पत्रांचा गठ्ठा वाढतो आहे! मौलाना १९४५ च्या जूनमध्ये सुटले आणि पत्रे १९४६ साली ‘गुबार-ए-खातिर’ या नावाने पुस्तकरूपाने निघाली. उर्दू गद्याचा हा अलंकार आहे, असे जाणकार सांगतात. मी जाणकार नव्हे. माझ्याजवळ नागरी लिपीत छापलेली प्रत आहे, उशाशी शब्दकोश आहे आणि फारसी शेर आला की मी त्याला लांबून नमस्कार करून पुढे जातो. शेर पावलोपावली येतात, त्यामुळे नमस्कारही पुष्कळ होतात.

तर चिमण्या.

मौलानांच्या खोलीचे छत जुन्या लाकडी तुळयांचे. चिमण्यांना आणखी काय हवे? घरट्यांवर घरटी. दिवसभर काड्या, पिसे, धूळ यांचा वर्षाव. मेजावर, अंथरुणावर, तोंड धुण्याच्या जागी, जिकडेतिकडे कचरा आणि वर अखंड कलकलाट. काही दिवस मौलानांनी सोसले. मग त्यांनी युद्ध पुकारले. पत्रातले हे वर्णन असे आहे, की समोर जणू शाहनाम्यातली रणभूमी. प्रथम हाती आली छत्री. पण शत्रू उंचावर आणि छत्रीची धाव ती केवढी! मग बांबू आणला गेला. बांबू घेऊन काँग्रेसचे अध्यक्ष खोलीच्या या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात धावताहेत, शत्रू तुळईवरून दाराकडे, दारातून ओसरीकडे पळतो आहे, आणि अखेर मैदान साफ! विजयी वीर बांबू भिंतीला टेकवून, घाम पुसून, लिहायला बसतो. दोन ओळी लिहितो न लिहितो तोच वर चिवचिव. मान वर करून पाहतो, तर पराभूत सैन्य आपापल्या जागी ठाण मांडून बसलेले!

अशा बऱ्याच लढाया झाल्यावर मौलानांनी ओळखले, की ब्रिटिश सरकार हा देश सोडून जाईल, पण या चिमण्या ही खोली सोडणार नाहीत. (हे वाक्य माझे. मौलानांना सुचले असते तर त्यांनी आणखी एक शेर जोडला असता.) त्यांनी तहाचे निशाण उभारले. स्वयंपाकघरातून तांदूळ मागवले, थोडे दाणे सतरंजीवर टाकले आणि स्वतः दगडासारखे निश्चल बसून राहिले.

येथून पत्राला जी रंगत चढते, ती मुळातूनच वाचावी. पहिली चिमणी येते. दाण्यांकडे पाहते, मग या धिप्पाड पाहुण्याकडे मान तिरपी करून पाहते, आधी एका डोळ्याने, मग दुसऱ्या. एक पाऊल पुढे, दोन उड्या मागे. मौलाना श्वास रोखून बसलेले. शेवटी एक दाणा उचलला जातो. दुसऱ्या दिवशी दाणे जरा जवळ. तिसऱ्या दिवशी आणखी जवळ. असे करता करता एके दिवशी दाणे मौलानांच्या तळहातावर, आणि चिमणी त्या तळहातावर बसून टिपते आहे. ज्या हाताने बांबू चालवला, तोच हा हात.

ओळख झाली म्हणजे नावे आलीच. एक चिमणा अंगाने दांडगा, छाती काढून चालणारा, समोर येईल त्याच्याशी भांडण उकरणारा, जिभेला क्षणाची विश्रांती नाही. त्याचे नाव मौलानांनी ठेवले ‘मुल्ला’! एक सदा आपल्याच तंद्रीत, मुका, जगाशी देणेघेणे नाही, तो ‘सूफी’. एक बेडर, कोणाची पर्वा न करणारा, तो ‘कलंदर’. आणि एका चिमणीचे नाव ‘मोती’. जन्मभर मुल्लामौलवींशी वाद घातलेल्या विद्वानाने भांडकुदळ चिमण्याला हे नाव द्यावे, आणि तेही दुसऱ्या एका मौलानाला लिहिलेल्या पत्रात! शेरवानींनी पुढे ते वाचले असेल तेव्हा दाढीतल्या दाढीत हसले असतील, असे मला वाटते.

नावे ठेवण्याची ही खोड चिमण्यांपुरतीच नव्हती. तुरुंगाच्या अधिकाऱ्यालाही त्यांनी चांदबीबीच्या काळातल्या एका हबशी सरदाराचे नाव बहाल केले होते, ‘चीता खान’. बाराही बंदिवानांच्या तोंडी ते इतके बसले, की खरे नाव मागेच पडले. तिकडे डॉ. महमूद अंगणात पावाचे तुकडे घेऊन साळुंक्यांना बोलावत उभे राहात, आणि निमंत्रण साळुंक्यांना पण पंगतीला हजर कावळे, असा प्रकार होई. मौलानांनी ही फजितीही मित्रासाठी टिपून ठेवली आहे.

मी राहतो वसईजवळ गिरीजला. आमच्याकडे मंगळुरी कौलांची घरे आता थोडी उरली. वाड्यांमधली बावखले बुजत चालली, तशी आढ्यातली घरटीही गेली. आमच्या लहानपणी भिंतीवरच्या तसबिरीमागे चिमणीचे घरटे नाही, असे घर दाखवावे लागे. आरशाशी भांडून भांडून चोच दुखवून घेणारा चिमणा प्रत्येक घरी असे. त्याला ‘मुल्ला’ म्हणायचे आम्हाला सुचले नाही इतकेच. चिमण्यांची आठवण म्हणून आता वर्षातला एक दिवस राखून ठेवला आहे. नाशिकचे मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून २० मार्च हा जागतिक चिमणी दिवस पाळला जातो. मौलानांचे पत्र १७ मार्चचे आणि त्याचा पुढचा भाग १८ मार्चचा. दोन दिवसांनी चुकामूक झाली म्हणायची!

आमच्या गावात हिरा डोंगरी आहे. तिच्यावर दत्ताचे मंदिर आणि चिमाजी आप्पांच्या वसई मोहिमेच्या दिवसांतल्या वज्रगडाच्या खुणा. त्या डोंगरीवर संध्याकाळी फिरायला जावे आणि परत येऊन रात्री सौभाग्यवतींना काहीतरी वाचून दाखवावे, हा निवृत्तीनंतरचा माझा क्रम. मौलानांचे हे पत्र मी तिला मराठीत फिरवून सांगितले. छत्रीच्या लढाईला ती पोट धरून हसली. मुल्लाच्या वर्णनाला तिने आमच्याच एका नातलगाचे नाव घेतले. (ते येथे छापण्यात अर्थ नाही, दिवाळीला ते आमच्याकडे यायचे आहेत.) मग हसू ओसरल्यावर एकदम म्हणाली,

“अहो, पण हे सगळं मित्राला का? त्यांच्या घरी बायको नव्हती का? तिला का नाही लिहिलं?”

बायकांचे प्रश्न असे सरळ येतात. मी पुस्तकाची पाने उलटू लागलो, कारण उत्तर त्याच पुस्तकात, थोड्या पानांनंतर आहे.

मौलानांच्या पत्नीचे नाव झुलेखा बेगम. त्या कलकत्त्याला. कितीतरी दिवसांपासून आजारी. १९४१ साली मौलाना नैनीच्या तुरुंगात होते तेव्हाच प्रकृतीने उचल खाल्ली होती, पण पतीला काळजी नको म्हणून त्यांनी ती त्यांच्यापासून लपवून ठेवली. पुढे हवापालटासाठी रांचीला जाऊन आल्या. ३ ऑगस्ट १९४२ ला मौलाना मुंबईला निघाले, तेव्हा निरोप द्यायला त्या दारापर्यंत आल्या. मौलाना म्हणाले, काही नवे घडले नाही तर १३ तारखेपर्यंत परत येतो. त्या ‘खुदा हाफिज’ एवढेच म्हणाल्या. जास्त काही बोलायचे असते तरी चेहऱ्यावर जे दिसत होते त्याहून जास्त बोलता आले नसते, अशा अर्थाचे मौलानांनी पुढे लिहिले आहे.

१७ आणि १८ मार्चला चिमण्यांची पत्रे झाली. २३ मार्चला मुंबई सरकारची तार आली, की बेगमसाहेबांची प्रकृती धोक्यात आहे.

मधे दिवस गेले पाच. तळहातावर चिमणी बसल्याच्या आनंदात मौलाना होते, तेव्हा कलकत्त्यात काय चालले होते हे त्यांना ठाऊक नव्हते. तुरुंगाच्या अधिकाऱ्याने सांगितले, आपल्याला सरकारला काही कळवायचे असेल तर मी ताबडतोब पाठवतो. मौलाना म्हणाले, मला सरकारकडे काहीही मागायचे नाही. अधिकारी जवाहरलालांकडे गेला. जवाहरलाल दुपारी येऊन कितीतरी वेळ समजावीत बसले. उत्तर तेच.

हा करारीपणा आपण शाळेच्या पुस्तकात वाचतो तेव्हा तो दगडी पुतळ्यासारखा वाटतो. ११ एप्रिलच्या पत्रात मात्र मौलानांनी स्वतःच त्या पुतळ्याचे आतले सारे उघडे करून दाखवले आहे. ते सांगतात, की दिनक्रमात मी काडीचा बदल होऊ दिला नाही. जेवणाच्या वेळी जेवणाच्या मेजावर, लिहिण्याच्या वेळी लिहिण्याच्या मेजावर. रोज वर्तमानपत्र येण्याची वेळ झाली की बाहेर पावले वाजत आणि छातीत धडधड सुरू होई, आज काय बातमी असेल? पण अधिकारी आत आला की मी लिहिताना जराशी मान वर करी, हसे आणि जणू काही घाई नाही अशा थाटात अंक चाळी. हा सगळा दिखावा होता, असे ते मित्राला कबूल करतात. धीराचा, शांतपणाचा, आपण खचलो नाही हे दाखवण्याचा अहंकार होता, असेही म्हणतात. ही कबुली त्यांनी बाजूच्या खोलीतल्या जवाहरलालांना दिली की नाही, पुस्तकात दिसत नाही. पोहोचणार नाही अशा पत्रात मात्र दिली.

९ एप्रिलला दुपारी तार आली. सारे संपले होते.

पत्राच्या शेवटी मौलाना लिहितात, की या आवारात एक जुनी कबर आहे, कोणाची कोण जाणे. आल्यापासून शेकडो वेळा नजरेला पडली. पण आता तिच्याकडे पाहिले, की तिच्याविषयी काही वेगळीच ओढ वाटू लागते. काल संध्याकाळी कितीतरी वेळ तिच्याकडे पाहात राहिलो.

मी वाचायचा थांबलो. सौभाग्यवती काही बोलली नाही. स्वयंपाकघरात जाऊन तिने दूध झाकले, दिवा मालवला आणि परत येऊन बसली.

मग मी तिला सांगितले, की बायकोला लिहिलेले पत्र अधिकाऱ्याच्या हाताखालून जायचे. ज्या माणसाने सरकारपुढे मान लववायची नाही असे ठरवले, तो छत्रीची लढाई आणि चिमण्यांची नावे सरकारच्या माणसाला वाचायला कशी देईल? आपली गंमतसुद्धा परक्याच्या नजरेखालून जाऊ नये, असे मानी माणसाला वाटणारच. आणि काळजी तर नाहीच नाही. मला हे पटते. तिला पुरते पटले नाही.

“तरी बिचारीला चिमण्यांचं कळायला हवं होतं,” ती म्हणाली. “हसली असती.”

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, म्हणून मी पुढचे पान उलटले. पुढे काही महिने पत्रांचा सूर जड आहे. मग १६ सप्टेंबर १९४३ चे लांबलचक पत्र येते, ते संगीतावर. तरुणपणी मौलाना सतार शिकले होते. आग्र्याला गेले असता चांदण्या रात्री सतार घेऊन ताजमहालावर गेले, यमुनेकडच्या गच्चीवर बसले आणि वाजवत राहिले, अशी आठवण ते मित्राला सांगतात. घुमट, मनोरे, चांदणे आणि नदी सारे कान देऊन ऐकत होते, अशी बहार त्यात आहे. लेखणी पुन्हा खेळू लागली होती. पत्र संपले, घडी घातली आणि बाकीच्या पत्रांवर ठेवले. शेरवानींना ते मिळायला अजून तीन वर्षे होती.